बनावेहून आलेला पितळी लिंगलिंग-ओ: घासायचा, घालायचा की नुसता जपायचा?

एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकते. सुट्टीत मैत्रिणींबरोबर ती उत्तर लुझॉनमधल्या बनावेला भातखाचरांचे डोंगर पाहायला गेली आणि येताना आजीसाठी गळ्यातला एक पितळी दागिना घेऊन आली. सुपारीहून थोडा मोठा, जाडसर, गोल, खाली बारीक फट, ग्रीक ओमेगा अक्षरासारखा. दुकानदार म्हणाला, हा इफुगाव लोकांचा, शंभर वर्षांपूर्वीचा, गर्भाशयाचं चिन्ह आहे, घालणारीला मूलबाळ होतं. तो काळपट पडलाय म्हणून आता आजी चिंच भिजवून बसल्या आहेत. ताईंनी विचारलंय की हा खरा आहे का, याचा अर्थ काय आणि आजींनी तो घालावा का.

आधी ती चिंच बाजूला ठेवायला सांगा. का, ते पुढे येईलच.

मी गेली सव्वीस वर्षं धातूच्या वस्तूंचं जतन करते. काम बहुतेक आपल्याकडचंच असतं: देव्हाऱ्यातल्या मूर्ती, टाक, समया, घंटा, जुनी भांडी. पण दोन संग्रहांच्या निमित्तानं आग्नेय आशियातले पितळी दागिने बराच काळ माझ्या टेबलावर होते आणि त्यांत या आकाराचे पुष्कळ होते.

तुमच्या मुलीनं आणलेल्या दागिन्याला लिंगलिंग-ओ म्हणतात. मराठी कानाला हे नाव ऐकताच लिंग आठवतं आणि लगेच शंकराशी नातं जोडावंसं वाटतं. माझ्याकडे आलेल्या दोघातिघांनी तसं जोडलंही होतं. तसा काही संबंध नाही. हा दक्षिण इफुगावांच्या बोलीतला शब्द आहे आणि ती ऑस्ट्रोनेशियन कुळातली भाषा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री ऑटली बायर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं तो उचलला आणि अभ्यासकांमध्ये रुळवला. आज कुठल्याही प्रदेशात, कुठल्याही काळात, जेडमध्ये, सोन्यात किंवा पितळेत हा फटीचा गोल सापडला तरी त्याला हेच नाव देतात.

यातूनच एक मोठा घोटाळा झाला आहे. फिलिपिन्स, व्हिएतनाम आणि आसपासच्या किनाऱ्यांवर हिरव्या जेडचे लिंगलिंग-ओ सापडतात. त्यांचा काळ साधारण इसवीसनपूर्व 500 ते इसवीसन 500. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत असं दिसलं की त्यातला बराचसा दगड तैवानच्या पूर्वेकडच्या फेंगतियनच्या खाणीतला आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी हा दगड होड्यांतून समुद्रापार जात होता आणि दूरदूरच्या किनाऱ्यांवर कारागीर त्यातून एकाच घाटाचे दागिने कोरत होते. ही गोष्ट खरी आहे आणि फार सुंदर आहे. पण दुकानात ती पितळी तुकड्याला चिकटवली जाते: ‘ही दोन हजार वर्षांची परंपरा!’ आकार जुना आहे, हे मान्य. म्हणून हातातला तुकडाही जुना, असं होत नाही. आपल्याकडे कोल्हापुरी साज घडवायची रीत जुनी आहे, पण काल गुजरीत घेतलेला साज कालचाच असतो.

बनावे परिसरात वयाच्या गोष्टींबद्दल जरा जपूनच असावं. त्या भातखाचरांनाच कित्येक वर्षं दोन-तीन हजार वर्षांची म्हटलं जात होतं. अलीकडच्या उत्खननांवरून काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात की पाण्यातल्या भाताची ही प्रचंड रचना मुख्यतः स्पॅनिश आल्यानंतर, चारेकशे वर्षांत पसरली. 1995 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलेल्या या खाचरांची थोरवी यानं तसूभरही कमी होत नाही. डोंगरउतारावर दगडी बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या पाणी खेळवत ठेवणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता अर्थाकडे येऊ.

‘गर्भाशयाचं चिन्ह, संतती देतं’ हे आज बागिओपासून बनावेपर्यंत प्रत्येक दुकानात ऐकू येतं. ते सगळंच बनावट आहे असं मी म्हणणार नाही. आकार पाहिला की ती कल्पना सुचणं स्वाभाविक आहे. इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर याच घाटाचा ‘मामुली’ नावाचा दागिना आहे. तो लग्नाच्या देवाणघेवाणीत दिला जातो आणि त्याचा स्त्रीदेहाशी संबंध तिथले लोक उघडपणे सांगतात. पण इफुगावांच्या बाबतीत माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे, तो म्हणजे वारसा.

रॉय फ्रँकलिन बार्टन हा अमेरिकन शिक्षक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इफुगावांमध्ये जाऊन राहिला. त्यांचा लिखित कायदा नव्हता, पण रूढीचा कायदा अतिशय काटेकोर होता आणि बार्टननं तो 1919 मध्ये मांडला. त्यात घराण्याची मालमत्ता म्हणून तीन गोष्टी एका पंगतीत येतात: भातखाचरं, जंगलाची जमीन आणि वडिलोपार्जित किमती वस्तू. या वस्तूंमध्ये गळ्यातले सोन्याचे दागिने, जुन्या मण्यांच्या माळा, घंटानाद करणाऱ्या थाळ्या आणि भाताच्या दारूचे रांजण येतात. ही मालमत्ता ज्याच्या हातात असेल तो तिचा राखणदार असे. भाऊबंदांना विचारल्याशिवाय ती विकता येत नसे आणि विकायचीच झाली तर कारणही तसंच गंभीर लागे. घरातल्या आजाऱ्यासाठी पूर्वजांना बळी द्यायचा आणि डुकरं घ्यायला दुसरं काही नाही, अशा वेळी. वाटणीत थोरल्या अपत्याचा हिस्सा सर्वांत मोठा. थोरलं म्हणजे मुलगाच नव्हे, मुलगी पहिली असेल तर तिचा.

श्रीमंत घराण्यांना तिथे ‘कदंग्यन’ म्हणतात. नुसती खाचरं असून कदंग्यन होता येत नसे. गावाला मोठमोठी जेवणं घालावी लागत, विधी करणाऱ्या मुंबाकींना बोलवावं लागे, आणि अशा दिवशी अंगावर जे घालायचं ते पेटीतून बाहेर निघे. सोनं ज्याला परवडे त्याचं सोन्याचं, नाहीतर तांब्याचं, पितळेचं, आकार तोच. कधी गळ्यात एकच, कधी दोरीत पाच-सात ओळीनं ओवलेले. कानातही घालत. फट त्यासाठीच आहे: पाळीच्या भोकातून सरकवायचा आणि फिरवून फट खाली घ्यायची. म्हणूनच तुमच्या तुकड्याला वर कडी असेल तर ती कशी बसवली आहे, ते नीट पाहा. हे मी पुढे सांगते.

पितळ तिथे कुठून आलं? इफुगाव जिथे राहतात त्या कॉर्डिलेरा पर्वतरांगेत सोनं आहे, तांबंही आहे. मानकायनच्या परिसरातले डोंगरी लोक तांबं वितळवत, याच्या नोंदी स्पॅनिश काळापासून आहेत. पण पितळेला जस्त लागतं आणि जस्त हाताळणं अवघड असतं. तांबं वितळतं 1085 अंशाला आणि जस्त 907 अंशालाच वाफ होऊन उडून जातं. त्यामुळे जगात फार थोड्या ठिकाणी धातुरूप जस्त काढता आलं. त्यातलं एक महत्त्वाचं ठिकाण आपल्याकडे, उदयपूरजवळचं जावर. इफुगावांपर्यंत पितळ व्यापारानंच पोचलं. डोंगरातल्या सोनारासाठी ती बाहेरून आलेली, मोलाची, पुन्हा पुन्हा वितळवायची वस्तू होती. आपल्या ओताऱ्यांनी मोडीच्या भांड्यांतून घंटा ओतल्या, तसंच ते.

ओतायची रीत वाचताना मला घरचंच काही वाचतेय असं वाटलं होतं. मेणाचा नमुना करायचा, त्यावर बारीक मातीचा लेप, मग जाड मातीचा, वाळवायचं, तापवून मेण काढून टाकायचं आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडे याला मधूच्छिष्टविधान म्हणतात. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात ते लिहून ठेवलंय. कॉर्डिलेराच्या लोहारांचा भाता मात्र आपल्यासारखा चामड्याचा नाही. लाकडाचे किंवा बांबूचे दोन उभे नळ असतात, त्यांत दट्टे असतात आणि ते आळीपाळीनं वरखाली करायचे. एक दट्टा वर जाताना दुसरा खाली, त्यामुळे वारा खंडत नाही. पितळ ओतायला हे फार सोयीचं, कारण मूस तापल्यावर जितकी रेंगाळेल तितकं जस्त पांढऱ्या धुरानं निघून जातं.

ताई, आता तुमचा तुकडा हातात घ्या. खिडकीपाशी बसा, दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर उत्तम. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे असतं.

फट खाली धरा आणि वरच्या बाजूला, भोकाच्या आतला काठ बघा. दोरी तिथे बसते. दागिना खरोखर पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला असेल तर तिथे एक उथळ खोबण पडलेली असते. तिच्या कडा गोलसर आणि गुळगुळीत असतात, बोट फिरवलं तर जाणवते पण नखाला अडत नाही. जो सर्वांत चांगला लिंगलिंग-ओ मी पाहिला, त्यात ही खोबण जवळजवळ तांदळाच्या दाण्याइतकी खोल होती आणि एका बाजूला कललेली. तो नेहमी एकाच बाजूनं लोंबत असणार, म्हणजे माळेत तो कडेचा असणार. त्याच्या एका गालावर चपटा झिजलेला पट्टा होता, शेजारचा दागिना घासून घासून झालेला. दुसरा गाल अगदी शाबूत. त्या एका तुकड्यावरून माळेतली त्याची जागा कळत होती. मी त्याच्यासमोर बराच वेळ बसून राहिले होते.

तुमच्या तुकड्यात खोबण नसेल आणि वर भोक पाडलेलं असेल, तर भोकाच्या आत भिंगातून बघा. बारीक, समान अंतराची वर्तुळं दिसली तर ते यंत्रानं पाडलंय. कडी डाग देऊन बसवली असेल तर सांध्यात निराळ्या रंगाचा, पांढुरका धातू दिसेल. मग बाहेरचा काठ तपासा. सबंध काठावरून एक बारीक शिवण गेली असेल तर साचा दोन भागांचा होता. शिवण नसेल, एखाद्या जागी धातू ओतल्याचं खुंट कानशीनं घासून टाकल्याची खूण असेल आणि दोन बाजू पुरत्या सारख्या नसतील, तर मेणावरचं काम असण्याची शक्यता चांगली. अर्थात आजचा कारागीरही मेणावर काम करू शकतो. यावरून रीत कळते, वय कळत नाही.

काळपटपणा खरा की लावलेला? कापसाला थोडं स्पिरिट लावून मागच्या बाजूला एकदाच हलकेच टेकवा. कापसाला तपकिरी रंग आला तर तो बुटाच्या पॉलिशसारखा काहीतरी लेप आहे. खरा पोत, म्हणजे काळानं चढलेला थर, धातूचाच भाग झालेला असतो, तो स्पिरिटनं निघून येत नाही. आणखी एक: खरा पोत सगळीकडे सारखा नसतो. उंचवट्यावर, जिथे कापड आणि कातडी घासते तिथे, पितळ उजळ दिसतं आणि खोबणीत गडद. तुमच्या तुकड्यात नेमकं उलटं असेल, किंवा सगळीकडे एकच हिरवा रंग असेल, तर तो रसायनानं आणलेला आहे.

पितळच आहे ना, हेही घरी कळतं. सोनाराच्या काट्यावर वजन करा, समजा 34 ग्रॅम भरलं. मग दोऱ्याला बांधून, पाण्यात पूर्ण बुडवून, भांड्याच्या बुडाला न टेकू देता वजन करा. समजा 30 भरलं. 34 ला 4 नं भागलं की साडेआठ येतात. पितळेची घनता साधारण 8.4 ते 8.7 असते, म्हणजे ठीक. पाण्यात ते 29 च्या खाली गेलं, म्हणजे भागाकार पावणेसातच्या आसपास आला, तर आत जस्ताची स्वस्त मिश्रधातू आणि वर पितळेचा मुलामा.

याच्यापुढे जायचं असेल तर एखाद्या धातूतपासणी केंद्रात एक्स-रे यंत्राखाली ठेवून मिश्रण काढता येतं, ओरखडाही पडत नाही. बरोबर 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त निघालं तर मी शंभर वर्षांच्या दाव्याबद्दल सावध होईन. हे काडतुसांच्या पितळेचं प्रमाण आहे आणि आजच्या बाजारातल्या साध्या पितळी पत्र्याचंही. दुसऱ्या महायुद्धाचा शेवट या डोंगरांनी फार जवळून पाहिला. जनरल यामाशिताची फौज शेवटी इथेच अडकली आणि 2 सप्टेंबर 1945 ला तो कियांगनमध्ये शरण आला. त्यानंतरच्या दागिन्यात तसलं पितळ असलं तर मला नवल वाटणार नाही आणि तो दागिना कमी प्रतीचाही वाटणार नाही.

तुम्ही पाठवलेलं वर्णन वाचून माझा कौल असा: जाडसर, खोबणीचा उल्लेख नाही, दुकानातून सहज मिळालेला. हा बहुधा गेल्या काही दशकांतला, पाहुण्यांसाठी केलेला तुकडा आहे. तो खोटा नव्हे. आज तिथले कारागीर हा आकार घडवतात, तिथली तरुण मुलं स्वतःही अभिमानानं गळ्यात घालतात. खोटी आहे ती फक्त शंभर वर्षांची गोष्ट. आणि एका अर्थी हेच बरं झालं. खरोखर कुणा घराण्याच्या पेटीतला असता तर तो कुठल्या अडचणीत बाहेर पडला, कोणाच्या आजारपणात, हा प्रश्न उरला असता. शिवाय फिलिपिन्सच्या 2010 पासूनच्या वारसा कायद्याप्रमाणे जुनी सांस्कृतिक वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. मुलगी पुन्हा गेली तर तिला एवढं जरूर सांगा.

आता चिंच. आंबटानं पितळ उजळतं, कारण आम्ल वरचा थर खाऊन टाकतं. रोजच्या तांब्या-पातेल्याला ते चालतं, ती भांडी जाड असतात आणि तशीच वापरायची असतात. पण आम्ल पितळेतलं जस्त आधी खातं. म्हणून फार वेळ चिंचेत किंवा लिंबात ठेवलेल्या पितळेवर लालसर डाग उठतात, ते उघडं पडलेलं तांबं असतं. ते डाग परत पिवळे होत नाहीत. बारीक कोरीवकाम दरवेळी थोडं थोडं बोथट होतं ते वेगळंच. काच पुसायच्या अमोनियाच्या द्रावणापासून तर पितळ दूरच ठेवा. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरायची. ती तबेल्यांजवळ ठेवलेली असत आणि घोड्यांच्या मुताच्या अमोनियानं ताण असलेलं पितळ तडकत होतं, हे पुढे कळलं. तुमच्या दागिन्याची फट कुणी पकडीनं वाकवून रुंद केली असेल तर तिथेही असाच ताण धरलेला असतो.

हे मी अनुभवानंही शिकले. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका घरातले खंडोबाचे टाक माझ्याकडे आले. पितळी होते, काळे पडले होते. मी ते उत्साहानं लख्ख केले. घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, “सासूबाईंचं कुंकू होतं ह्याच्यात.” कडांमध्ये बसलेला, तेल-कुंकवाचा साठ-सत्तर वर्षांचा थर मी घाण म्हणून काढून टाकला होता. तो परत आणता येत नाही. तेव्हापासून कुठलीही वस्तू पुसायच्या आधी मी ती दोन दिवस नुसती बघते.

तुमच्या दागिन्याला इतकंच करा. मऊ सुती कापडानं कोरडा पुसा. खाचेत धूळ असेल तर मऊ ब्रश. मळ चिकट असेल तर शुद्ध पाण्याच्या दोन थेंबांनी ओलं केलेलं कापड आणि लगेच कोरडं. चमक हवीच असेल तर जतनासाठीचं मेण अगदी पातळ लावून घासा, ओलाव्यापासूनही संरक्षण मिळतं. फिकट हिरवी भुकटी दिसली आणि पुसल्यावर महिनाभरात पुन्हा त्याच जागी आली, तर मात्र घरी काही करू नका, जाणकाराला दाखवा. क्षार आत शिरल्याचं ते लक्षण आहे. ठेवताना सुती कापडात, झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवा. लोकरीत किंवा रबराच्या तुकड्यावर नको, त्यातल्या गंधकानं पितळ काळं पडतं.

आजींनी घालावा का? जरूर घालावा, नातीनं त्यासाठीच आणलाय. साखळीत नको, धातूवर धातू घासतो. जाड सुती गोफात ओवा. घामानं गळ्यावर हिरवट छटा आली तर घाबरू नका, ते तांब्याचे क्षार आहेत, साबणानं जातात. रात्री काढून कोरडा पुसून ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर त्याच्या तोंडात मात्र जाऊ देऊ नका. ओतीव पितळेत बऱ्याचदा शिसं असतं.

आणि नातीला आजच एका कागदावर लिहायला सांगा: कुठल्या गावात, कुठल्या वर्षी, किती पेसोंना घेतला, विकणाऱ्यानं काय सांगितलं, आणि तो कोणासाठी होता. कागद डब्यातच ठेवा. मला पुढचा फोटो पाठवाल तेव्हा फट खाली धरून, वरच्या आतल्या काठाचा जवळून काढा.